पावणेआठ फुटांचा हौदा

माझा मामा सहा फूट एक इंच आहे आणि त्याचा दिवाण साडेपाच फूट. या दोन आकड्यांमध्ये जे सात इंच उरतात, त्यात त्याची गेली अकरा वर्षं गेली.

दिवाण बाहेरच्या खोलीत आहे. दोन्ही टोकांना चांगल्या जाड लाकडी फळ्या, त्यामुळे पाय बाहेर काढायचीही सोय नाही. एका फळीला डोकं, दुसऱ्या फळीला तळवे आणि मधे गुडघे वर. मामा असा झोपला की पांघरुणाचा तंबू होतो. अकरा वर्षांपूर्वी मामीची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभरासाठी म्हणून आली. तिला आतली खोली दिली. उठताना हात द्यायला कोणीतरी हवं म्हणून मामी तिच्याशेजारी झोपू लागली आणि मामा बाहेर आला. तात्पुरता. त्या महिन्याचं पान अजून उलटायचंय.

मामा मोबाइलच्या टॉवरची देखभाल करतो. टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली असते, तिच्यात बॅटऱ्या, बाहेर जनरेटर. वीज गेली की बॅटऱ्या चालतात, बॅटऱ्या दमल्या की जनरेटर, आणि जनरेटर दमला की मामा. त्याच्याकडे चौदा टॉवर आहेत. कोणाच्याही वाटणीची साइट त्याच्या गळ्यात मारली तरी तो "चालेल" म्हणतो. कामावर त्याला हाकच तशी मारतात. "ए चालेल, बारा नंबरला जाऊन ये."

"अरे मामा, एकदा तरी नाही म्हण ना," मी म्हणायचे.

"म्हणेन की. वेळ आली की म्हणेन."

ती वेळ मार्चमध्ये आली. कंपनीने कळवलं की टेकड्यांवरच्या साइट आता ज्याच्याकडे स्वतःची फोर बाय फोर गाडी आहे त्यालाच मिळतील, आणि गाडी एक तारखेच्या आत दारात पाहिजे. मामाची जुनी व्हॅन सात नंबरच्या टेकडीवर चढत नाही. शेवटचे तीन किलोमीटर नुसते दगड. पायथ्याशी व्हॅन लावायची आणि बॅटरी पाठीवर घेऊन चालायचं. एक बॅटरी म्हणजे एक शाळकरी पोर उचलल्यासारखं, आणि पोर निदान गळ्याला धरून तरी बसतं.

तरी त्याला सात नंबरच हवा होता. तिथे वर कोणी नसतं. काम झालं की तो खोलीच्या सावलीत बसतो आणि खिशातला फोन बंद करतो. टॉवरखाली बसून फोन बंद करणारा दुसरा माणूस मी तरी ऐकलेला नाही.

गाडी घ्यायची हे ठरल्यावर तो तीन वेळा एकटाच शोरूमला जाऊन आला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "दोन प्रकार आहेत बघ. एक चार दारांची. पाच माणसं बसतात, पण मागचा हौदा पाच फुटांचा. दुसरी दोन दारांची. पुढे दोघं, बस. पण हौदा..." इथे त्याने दोन्ही हात पसरले, आणि ते पुरेनात म्हणून भिंतीपासून कपाटापर्यंत चालून दाखवलं. "पावणेआठ!"

"एवढा कशाला?"

"शिडी सपाट बसते. केबलचं रीळ बसतं. सहा बॅटऱ्या एका खेपेत."

"हे कामाचं झालं. मौजेचं काय?"

तो लाजला. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस कानापर्यंत लाल होतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

"झोपणार."

"हौद्यात?"

"सतरंजी टाकून. काम झालं की तासभर. सरळ." मग आवाज खाली आणून, "झोपून बघितलं मी. शोरूममध्ये. डोक्याच्या वर वीतभर जागा उरते आणि पायाखाली तर विचारूच नकोस."

रविवारी गाडी पक्की करायला सगळी वरात निघाली. मामी, मामीची आई (मीही तिला आजीच म्हणते), आणि मामाचे साडू. साडू शाळेतून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेत. आम्ही त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो, कारण ते बोलत नाहीत, कळवतात. फोटो काढायला म्हणून मला घेतलं होतं.

शोरूमचा टायवाला पोरगा मामाला बघून खुलला. "या सर! आज झोपणार नाही का?"

मामी थबकली. "झोपणार म्हणजे?"

"काही नाही गं," मामा म्हणाला, "गंमत करतात ते."

आणि तिथेच पहिली संधी गेली. नंतर मी मोजल्या, त्या दिवसात तशा पाच गेल्या.

दोन दारांची गाडी कोपऱ्यात उभी होती, करड्या रंगाची, मागचा फाळका खाली सोडलेला. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मधोमध दिव्यांखाली चार दारांची पांढरीशुभ्र. परिपत्रक तिच्याभोवती हात मागे बांधून एक फेरी मारून आले.

"कुटुंबवत्सल माणसाची गाडी ही," त्यांनी कळवलं.

"आई, तू बसून बघ बरं पुढे," मामी म्हणाली.

आजीला पायरीवर चढवताना एका बाजूने मामी, एका बाजूने टायवाला, मागून मामा. आजी बसली, आणि तिने समोरच्या काचेतून शोरूमच्या भिंतीकडे असं पाहिलं की जणू समोर समुद्र आहे.

"जावईबापू, पाय लांब होतात हो इथे!"

"हो ना," मामा म्हणाला.

"साडूभाऊ, तुम्ही मागे बसा," परिपत्रक म्हणाले. "मधे. कमीत कमी सोयीच्या जागी जास्तीत जास्त उंचीचा माणूस. यालाच चाचणी म्हणतात." मामाला मधे बसवलं, एका बाजूने ते स्वतः घुसले, दुसऱ्या बाजूने मामी, आणि दारं लागली. मी पुढून फोटो काढला. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. चौघं हसतायत. मामाचे गुडघे छातीशी, मान किंचित वाकडी, आणि चेहऱ्यावर दाढ काढायला बसलेल्या माणसाचं सौजन्य.

"काय, ऐसपैस आहे ना?" काचेतून परिपत्रकांचा आवाज.

"हो, आहे की."

बाहेर आल्यावर मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता सांगतो." मी म्हटलं, "सांग." तो म्हणाला, "जरा खालून बघून घेतो आधी, मग सांगतो." तो घाबरला की कशाच्या तरी खाली जातो. कामावर जनरेटरखाली, घरी सिंकखाली. इथे तो पांढऱ्या गाडीखाली गेला. नुसते बूट बाहेर.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. गाडीच्या डाव्या अंगाला परिपत्रक वाकून, मोठ्याने: "अहो साडूभाऊ, हे एवढं धूड तुमच्या त्या टेकडीवर चालेल का?"

त्याच वेळी उजव्या अंगाला टायवाला, हातात फॉर्म, अदबीने: "मग सर, चार दारांचीच लिहितो. चालेल?"

आणि खालून, मामाला आयुष्यात ज्या एका विषयावर ठाम मत आहे त्या विषयावरचं त्याचं उत्तर, खणखणीत:

"चालेल! न चालायला काय झालं? अहो, पळेल!"

टायवाल्याने टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या दोघा-तिघा विक्रेत्यांनीही वाजवल्या, त्यांच्याकडे तशी पद्धत असावी. मामी हसायला लागली. मामा खालून सरपटत बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते आणि तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, नेमकं काय झालंय ते शोधत. मग त्याला फॉर्म दिसला.

"सर, अभिनंदन! इथे सही."

"नाही, म्हणजे मी..."

"जावईबापू," आजी गाडीतूनच म्हणाली. ती अजून उतरलीच नव्हती. "अकरा वर्षांत मी दवाखान्याशिवाय कुठे गेले नाही बघा. आता कोणाच्या विनवण्या करायला नकोत." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

मामाने माझ्याकडे बघितलं. मी भुवया वर केल्या, की बोल. त्याने सही केली.

बाहेर निघताना टायवाला म्हणाला, "काही बदल असेल तर शुक्रवारपर्यंत करता येतो सर. रंगबिंग." ते वाक्य फक्त मामाने आणि मी ऐकलं.

सोमवारी तो बोलणार होता, पण परिपत्रक आले आणि त्यांनी सीटकव्हरचा विषय काढला. मंगळवारी तो बोलणार होता. त्या दिवशी आजीने त्याला आत बोलावलं. तिच्या मांडीवर वही होती.

"यादी केलीय. नऊ ठिकाणं. तुमच्या त्या सात नंबरच्या टेकडीवर पण जायचं. हवा चांगली असेल ना?"

"चांगली असते," मामा म्हणाला.

"मग तिथेच आधी."

तो बाहेर येऊन दिवाणावर बसला. बुधवारी त्याला तीन टॉवरवर धावावं लागलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा तो दिवाणावर गुडघे वर करून पडला होता. छताकडे बघत म्हणाला, "दोन दिवस आहेत अजून." जसं काही ते दोन दिवस येऊन त्याच्या वतीने बोलणार होते.

गुरुवारी सकाळी त्याने मामीला स्वयंपाकघरात गाठलं. मी ओट्याशेजारी चहा पीत होते. मला उठायची खूण कोणी केली नाही, म्हणून मी बसले.

"अगं, ऐक ना. ती गाडी."

"रंग बदलायचाय का? मला वाटलंच. पांढरा लगेच मळतो."

"दारं बदलायचीत."

मामी भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. "म्हणजे काय?"

"मला दोन दारांची हवी होती."

"मग चालेल कशाला म्हणालात?"

"टेकडीवर चालेल म्हणालो. साडूभाऊंनी ते विचारलं होतं. त्या पोराने दुसरंच विचारलेलं मला ऐकूच नाही आलं."

"आणि बाहेर आल्यावर? तेव्हा काय तोंड शिवलं होतं?"

"सगळे टाळ्या वाजवत होते."

"टाळ्या वाजवल्या म्हणून तुम्ही लग्नालासुद्धा हो म्हणाला असाल."

मला हसू आलं, ते मी चहात बुडवलं. मामा हसला नाही. तो दारात उभा होता, एक हात चौकटीवर, आणि मी त्याला पहिल्यांदाच वाक्य न गिळता बोलताना ऐकलं.

"मला आडवं व्हायचंय. गुडघे न मोडता. कोणी हाक मारणार नाही अशा जागी. तासभर, जास्त नाही."

"आणि आम्ही?"

"तुम्ही घरी."

मामीने विळी बाजूला सरकवली. "दोन दारांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एक सीट असते ना?"

"असते."

"ती कोणासाठी धरली होती?"

इथे कोणताही शहाणा नवरा खोटं बोलला असता.

"हत्यारांच्या पेटीसाठी," मामा म्हणाला.

नळ टपटपत होता. मामी उठली, तो घट्ट केला आणि पाठमोरीच बोलायला लागली. आवाज न चढवता. ती भांडताना चढवते, म्हणून मी कप खाली ठेवला.

"अकरा वर्षं मी उजव्या कुशीवर झोपते. डावीकडे वळलं की आईचा हात सुटतो, आणि हात सुटला की ती जागी होते. माझा हा खांदा बघा. वर जात नाही. डबा काढायला स्टूल लागतं मला, तुम्हाला वाटतं मी बुटकी आहे म्हणून. कधी विचारलंत, की काय गं, सरळ झोपतेस का?"

मामाचा हात चौकटीवरून खाली आला.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"जा. बदलून या गाडी. मी अडवणार नाही. पण तुमच्या वतीने फोनही करणार नाही. आणि आईला पण तुम्हीच सांगायचं. मी नाही."

तो लगेच निघालाही, पण जिन्यात असतानाच नऊ नंबरवरून फोन आला, जनरेटर बंद. तेव्हा शोरूम शुक्रवारवर गेलं. आजीला सांगणं त्याने परतीच्या वाटेवर ढकललं. शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधी तो काचेपाशी उभा होता. मला त्याने मुद्दाम सोबत घेतलं होतं. "तू काही बोलू नकोस," म्हणाला, "नुसती माझ्या मागे उभी राहा. मला मागे वळता येऊ नये म्हणून कोणीतरी हवं."

टायवाला चहाचा कप घेऊनच आला. "बोला सर."

"माझ्याकडून चूक झाली," मामा म्हणाला. सलग. एका दमात. "मला चार दारांची नको. दोन दारांची हवी. ती कोपऱ्यातली."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात फरशीवर टायरचे चार ठसे होते.

"अरेरे सर. ती काल दुपारी गेली ना. एक रोपवाटिकावाले आहेत, त्यांनी नेली. झाडं उभी राहतात म्हणाले."

"काल दुपारी."

"तीनला. बुधवारी आला असतात तर... काल सकाळी जरी..." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "ऑर्डर टाकू शकतो. चार महिने."

"मला एक तारखेला पाहिजे."

"मग सर, पांढरी तयार आहे."

मामा त्या रिकाम्या कोपऱ्यात गेला, जिथे हौदा होता तिथे उभा राहिला, आणि परत आला.

"द्या," म्हणाला.

घरी मामी दारातच होती. "काय झालं?"

"सांगितलं मी त्याला."

"मग?"

"उशिरा सांगितलं."

आजीला सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एक तारखेला टेकड्या मामाला मिळाल्या. पहिल्या रविवारी सात नंबरला जनरेटरचं तेल बदलायचं होतं, आणि यादीतलं पहिलं ठिकाणही तेच होतं. आजी पुढे. मागे परिपत्रक, मी आणि मामी. पाच फुटांच्या हौद्यात शिडी तिरकी बांधलेली, बॅटऱ्या तीनच, पाण्याचे डबे, आजीची खुर्ची.

पायथ्याशी मामाने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि गाडी दगडांवर चढली. खरंच पळाली. आजी प्रत्येक दगडाला "बाई गं" म्हणायची आणि हसायची. परिपत्रक माझ्या कानाशी चढाचा कोन कळवत होते. मागून मला मामाची नुसती मान दिसत होती. पूर्वी तो हा रस्ता एकटा, धापा टाकत, पाठीवर ओझं घेऊन चढायचा. आता ओझं गाडीत बसलं होतं आणि बोलत होतं.

वर पोचल्यावर त्याने आजीची खुर्ची मांडली, पाणी दिलं, पत्र्याच्या खोलीत जाऊन काम केलं. अर्ध्या तासात आजीने चार हाका मारल्या. चष्मा, रुमाल, ते दूर दिसतंय ते काय, आणि परत कधी निघायचं.

तो हात पुसत बाहेर आला, तर मामीने हौदा रिकामा केलेला. शिडी खाली, डबे खाली, बॅटऱ्यांची रिकामी खोकी एका बाजूला. तिने मागचा फाळका पाडला होता आणि आत सतरंजी टाकली होती.

"बघा पुरतंय का," ती म्हणाली.

मामा चढला. आडवा झाला. पाच फूट हौदा, पुढे आडवा फाळका, आणि तरीही घोट्यापासून पुढे पाय हवेत. मामीने बॅटरीचं एक खोकं दुसऱ्यावर ठेवलं आणि त्याच्या टाचांखाली सरकवलं. मग ती आमच्याकडे वळली.

"भाऊजी, आईला घेऊन त्या कठड्यापाशी जा. खुर्ची घेऊन. तू पण जा गं. तासभर इकडे कोणी फिरकायचं नाही."

"तासभर?" परिपत्रक म्हणाले. "कारण काय?"

"कारण नाही. जा."

आम्ही गेलो. कठड्यापासून गाडी सगळी दिसत होती. मागे मामाचे मोजे, खोक्यावर, आभाळाकडे बोटं करून. मामी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. मग तिने पुढचं दार उघडलं, आत बसली, आणि दार ओढून घेतलं. मला सीटची पाठ मागे पडताना दिसली. एक खाच, आणखी एक, पार शेवटपर्यंत. तिचं डोकं काचेतून दिसेनासं झालं.

"ही कुठे गेली?" आजी म्हणाली.

"आहे, गाडीत आहे," मी म्हटलं.

"मला शाल हवी होती."

"मी देते माझी."

वारा होता. परिपत्रकांना पाच मिनिटं गप्प बसणं जमलं, मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या रविवारी धरण," त्यांनी तिथूनच ओरडून कळवलं. "साडूभाऊ! ऐकलंत का? सकाळी लवकर निघावं लागेल!"

मोजे हलले नाहीत.

"झोप लागली का हो त्यांना?" आजीने विचारलं आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागली. मग गाडीकडे तोंड करून तिने मामीला हाक मारली. एकदा. दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने.

गाडीची काच बोटभर खाली आली.

"अजून पन्नास मिनिटं आहेत, आई," आतून आवाज आला. काच वर गेली.